सोंगातली अमानत

२०२५ साली रमजान आणि दहावीची परीक्षा एकाच महिन्यात आली होती. त्या दिवसांत आम्ही आमच्या आपाकडे सिद्धेश्वरला मुक्कामी होतो. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव पूर्णेवरच्या धरणामुळे ओळखले जाते. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीत वीज करून सोडलेले पाणी इथे अडते आणि कालव्यांनी पुढच्या रानांत जाते. असरची नमाज झाली की इफ्तारीपर्यंतचा वेळ जाता जात नाही. अशाच एका संध्याकाळी भाचा शेजारी येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मामू, गेममें झूट बोले तो रोजा टूटता क्या?"

आम्ही ठरीव उत्तर दिले. रोजा तुटत नाही, पण त्यातला सवाब जातो. त्याचा चेहरा पडला. खोदून विचारले तेव्हा प्रकरण बाहेर आले. भाचा 'फ्री फायर मॅक्स' खेळतो. परीक्षेसाठी आपाने मोबाईल कपाटात कुलूपबंद केला. पण खेळात रोज एकदा हजेरी लावली नाही तर मिळायची ती बक्षिसे बुडतात. म्हणून त्याने आपली 'आयडी' पासवर्डसकट एका दोस्ताच्या हवाली केली. 'फक्त हजेरी लाव, खेळू नको' एवढेच सांगून. दोस्ताने आठ दिवस इमानाने हजेरी लावली आणि नवव्या दिवशी पासवर्ड बदलून टाकला. विचारले तर म्हणाला, हॅक झाली असेल. मग उघडे पडल्यावर म्हणाला, "वो तो गेम है. गेममें सब चलता." दोस्तही रोजेदार. त्याचा रोजा तुटला असावा, अशी भाच्याची इच्छा होती, हे आम्हाला जरा उशिराच कळले.

घरात या प्रकरणाचा काझी आम्हालाच नेमले गेले. कारण एकच, खानदानातल्या वडीलधाऱ्यांत असले खेळ खेळलेला दुसरा कोणी नाही. आपाच्या मते हा अपराधही होता आणि लायकीही.

आपल्या समाजात या खेळांविषयी जे बोलले जाते ते बहुतेक एका वाक्यात संपते. वेळेची नासाडी आहे, लहव आहे, पोरांना मोबाईल देऊ नका. त्यात तथ्य नाही असे नाही. पैसे घालून चाक फिरवायचे आणि नशिबाने काय पडेल ते घ्यायचे, हा जो प्रकार आता जवळपास प्रत्येक खेळात शिरला आहे, त्याला आम्ही जुगाराचा सख्खा भाऊच म्हणतो. बेल्जियमने २०१८ साली तसल्या बंद पेट्यांना जुगार ठरवले तेव्हा आम्हाला नवल वाटले नाही. पण वेळ गेला, डोळे गेले, अभ्यास गेला, ही सगळी बाहेरची तक्रार झाली. खेळाच्या आत माणूस माणसाशी जे वागतो त्याचे काय, हे विचारायला कुणी बसत नाही. जो आत जाऊन आला आहे त्यानेच ते विचारायला हवे, म्हणून हा लेख.

आम्ही खेळलो तो काळ २००५-०६चा, गाव तेव्हाचे औरंगाबाद. कॉलेजात होतो. सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये पडत. खेळाचे नाव 'रूनस्केप'. इंग्लंडमध्ये २००१ साली सुरू झालेला हा खेळ साध्या ब्राउझरमध्ये चाले, म्हणून कॅफेतल्या थकलेल्या कॉम्प्युटरवरही जमे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात एक मोठी दुनिया असते. तिच्यात जगभरची हजारो माणसे एकाच वेळी वावरत असतात. प्रत्येकाने एक सोंग घेतलेले असते. कुणी तिरंदाज, कुणी जादूगार, कुणी नुसता लोहार. खाणीत जाऊन खनिज फोडायचे, भट्टीत गाळायचे, ऐरणीवर ठोकायचे, बाजारात विकायचे. यात जिंकणे असे नसतेच. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली 'मड' नावाचा असा पहिला खेळ रचायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती, सगळे अक्षरांत. पुढे १९९६ साली बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काही कमावणारे, काही मुलुख धुंडाळणारे, काही गप्पांसाठी येणारे आणि काही दुसऱ्याला छळण्यातच मजा घेणारे. आम्ही स्वतःला पहिल्या प्रकारातले समजत होतो. आजच्या पोरांचे बंदुकीचे खेळ वेगळ्या जातीचे. दहा-वीस मिनिटांत एक डाव आटोपतो आणि जगणे-मरणे दिवसात पन्नास वेळा होते. आमचा खेळ सावकाशीचा होता. त्यात ओळखी होत आणि टिकत. पण आयडी, सोंग आणि सोंगाआडचा माणूस हे तिन्ही दोन्हीकडे सारखेच.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सोंग समजावून सांगावे लागत नाही. सुगीनंतर बहुरूपी येत. एखादा फौजदार होऊन येई, खाकी कपडे, हातात दंडा, दारात उभा राहून दरडावी, "तुमच्या नावानं वॉरंट आहे, चला चौकीत." आमची अम्मी मनापासून घाबरल्याचे दाखवी. मग तो हसून सलाम करी आणि सूपभर ज्वारी घेऊन जाई. मोहरमला गावातली हिंदू-मुसलमान पोरे अंगाला पिवळे पट्टे ओढून वाघ होत आणि आम्ही खरोखरच घाबरून पळत असू. फौजदाराने दरडावले म्हणून त्याला कुणी खोटारडा म्हटले नाही. वाघाने गुरगुरावे हे तर ठरलेलेच. पण त्याच बहुरूप्याने खरी दंडाची पावती फाडून शंभर रुपये घेतले असते, किंवा वाघाने माळणीची टोपली उचलून घरी नेली असती, तर 'सोंग होते' हे उत्तर गावाने ऐकून घेतले नसते. सोंग कुठे संपते हे गावाला न सांगता कळत होते. मराठीत म्हणतातच, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही.

पडद्यावरच्या दुनियेतही एवढे कळायला हरकत नाही. मैदानात समोरच्याला तलवारीने मारले, हा गुन्हा नव्हे. तो त्यासाठीच आत आला आहे. कुस्तीत पाठ लावली म्हणून कुणी फिर्याद करत नाही. हुलकावणी दिली, डाव लपवला, पळण्याचे नाटक करून उलटून वार केला, हे सगळे सोंगात बसते. दोघांनीही या गोष्टी आधीच माफ केलेल्या असतात. दुसऱ्याने जे माफ केलेलेच नाही ते घेतले तर काय, हे आम्ही त्या कॅफेतच शिकलो, आणि शिकलो ते चुकीच्या बाजूने.

त्या दुनियेत व्हॅरॉक नावाचे शहर आहे. बाजारात उभे राहून लोक काहीबाही ओरडत असत. त्यात एक जुनी आरोळी होती, चिलखताला फुकटात सोनेरी काठ लावून देतो. सोनेरी काठाचे चिलखत खेळात असे, पण ते खजिन्यातच सापडे. साध्या चिलखताला काठ कुणालाच लावता येत नसे. नव्या पोरांना हे माहीत नसायचे. ती विश्वासाने चिलखत काढून हातात देत आणि घेणारा नाहीसा होई. एके दिवशी आम्हीही तशी आरोळी मारली. का मारली याचे धड उत्तर आजही नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राने आदल्या दिवशी केले होते आणि आम्ही हसलो होतो, एवढेच आठवते. एक मुलगा आला. मुलगाच असावा, बोलण्यावरून बारा-तेरा वर्षांचा. अंगावर निळसर रंगाचे रूनचे चिलखत. ते अंगावर चढवायला आधी एका बेटावरच्या ड्रॅगनला मारावे लागते आणि विकत घ्यायला महिनाभर खाणीत खपावे लागते. त्याने विचारले, नक्की परत देशील ना? आम्ही टाईप केले, वचन देतो. देवाणघेवाणीची चौकट उघडली, त्याने चिलखत ठेवले, आम्ही काही ठेवले नाही. खेळ दोनदा विचारतो, मान्य आहे का? त्याने दोनदा मान्य केले. आम्ही लगेच बाहेर पडलो. कॅफेतला मित्र टाळी द्यायला पुढे झाला, ती आम्ही दिली. थोड्या वेळाने पुन्हा आत गेलो तर पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा निरोप होता. फक्त प्रश्नचिन्ह. मग आणखी एक प्रश्नचिन्ह. आम्ही त्याचे नाव गाळण्याच्या यादीत टाकले, म्हणजे पुढचे निरोप दिसणार नाहीत.

त्यानंतरची आमची सफाई भाच्याच्या दोस्ताच्या सफाईपेक्षा लांब होती, पण वजनाने तेवढीच. चिलखत म्हणजे काय? कुठल्याशा कॉम्प्युटरातली एक नोंद. ना लोखंड, ना चामडे. जे नाही त्याची चोरी कशी होणार?

हा सवाल नेदरलँड्समध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन पोरांनी २००७ साली एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, धमकावून, याच रूनस्केपमधला एक ताईत आणि एक मुखवटा आपल्या नावावर करून घेतला होता. वकिलाचे म्हणणे आमच्यासारखेच, वस्तू अस्तित्वातच नाही. ३१ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने चोरी मान्य केली. त्या मुलाने वेळ आणि मेहनत ओतून ती वस्तू मिळवली होती, ती त्याच्या ताब्यात होती, आणि ती त्याच्याकडून काढून घेतली गेली, एवढे न्यायालयाला पुरले. दुसरी हकिकत याहून काळी आहे. शांघायमध्ये एका खेळाडूने खेळातली आपली तलवार दोस्ताला उसनी दिली. दोस्ताने ती ७,२०० युआनला विकून टाकली. तो पोलिसांकडे गेला, तर अशा वस्तूसाठी कायदाच नाही म्हणून त्यांनी परत पाठवले. मग त्याने दोस्ताचा खरोखर खून केला. खुनाची बाजू कुणी घेणार नाही, आम्हीही नाही. पण तलवार उसनी होती. उसनी, म्हणजे अमानत. चौकीत ती कुणाला दिसली नाही. पैशाचे सोंग आणता येत नाही ही म्हणही इथे उलटी झाली. देशाची अर्थव्यवस्था कोसळल्यावर व्हेनेझुएलातली माणसे २०१७च्या सुमारास याच रूनस्केपमध्ये तासन्‌तास हिरवे ड्रॅगन मारून मिळालेले सोंगातले सोने डॉलरला विकू लागली आणि त्यावर घर चालवू लागली. त्यांच्या हातून कुणी ते सोने फसवून घेतले तर पोरांच्या ताटातली भाकर जाते.

आपल्या फिकहमध्येही या वादाला जागा आहे. माल म्हणजे जो साठवून ठेवता येतो आणि गरजेला कामी येतो, असे जुने हनफी फुकहा मानत. नुसत्या उपभोगाला, वापराला ते स्वतंत्र माल धरत नसत. शाफई धरतात. त्या हिशेबाने भाच्याची आयडी मराठवाड्यात माल नाही आणि कोकणात आहे, असेही कुणी म्हणेल! पण पुढच्या हनफी फुकहांनीच यतीमाची आणि वक्फची मालमत्ता कुणी बळकावून वापरली तर वापराचीही भरपाई देववली. व्याख्या माणसांसाठी असतात हे त्यांना कळत होते. आमचा मुद्दा मात्र मालाच्याही अलीकडे आहे. चिलखत माल होते की नव्हते हे बाजूला ठेवा. वचन तर खरे होते ना? ते सोंगाने सोंगाला दिलेले नव्हते. 'नक्की परत देशील ना' हे त्या निळ्या शिपायाने विचारले नव्हते, कळफलकापुढे बसलेल्या एका पोराने विचारले होते, आणि उत्तर आमच्या बोटांनी दिले होते. खेळातल्या शत्रूला असा प्रश्न कुणी विचारत नाही. प्रश्न आला याचाच अर्थ, तेवढ्यापुरते त्याने सोंग उतरवले होते. आम्ही आमचे अंगावर ठेवले.

यावर एक जबाब उरतो आणि तो हलका नाही. खेळात जे करता येते ते खेळाचाच भाग, असे पुष्कळ खेळाडू मानतात. जून २००६ मध्ये रूनस्केपमध्ये एका तांत्रिक चुकीमुळे एका खेळाडूला जिथे लढाई बंद आहे अशा जागीही इतरांना मारता येऊ लागले. फॅलाडोर शहरात त्याने दिसेल त्याला मारले. लोकांच्या महिनोन्‌महिन्यांच्या कमाईवर पाणी पडले. कंपनीने त्याला कायमचे बाहेर काढले. हे सोपे आहे, दार चुकून उघडे राहिले म्हणून घर आपले होत नाही. पण आइसलंडच्या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा खेळ २००३ पासून चालू आहे आणि तिथे फसवणुकीला नियमानेच मुभा आहे. त्यात २००५ साली एका टोळीने जवळपास वर्षभर दुसऱ्या संघटनेत माणसे पेरली, विश्वास कमावला, मग एका दिवसात तिच्या प्रमुखाचे जहाज उडवले आणि तिजोऱ्या रिकाम्या केल्या. लुटीची किंमत हजारो डॉलर धरली गेली. इथे काय म्हणायचे? दगा होऊ शकतो हे जाणूनच सगळे आत आले होते. म्हणजे माफी आधीच दिलेली. तिजोरीपुरते आम्ही ते मान्य करतो. वर्षभर रोज रात्री ज्याने आपली सुखदुःखे त्या माणसाला सांगितली असतील त्याच्यापुरते आम्हाला ते मान्य करता येत नाही. सुखदुःखाची माफी नियमांच्या पानावर दिलेली नव्हती. रेघ नेमकी कुठे, हे आम्हाला अजून नीट सांगता येत नाही.

सगळे खोटेच होते, असे म्हणायची सोय आमच्यापुरती २०२४ साली संपली. त्या वर्षी नॉर्वेच्या मॅट्स स्टीनवरचा माहितीपट आला. स्नायू झिजवत नेणाऱ्या आजाराने हा मुलगा व्हीलचेअरवर होता आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. आयुष्याची शेवटची वर्षे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यात गेली. आई-बापाला वाटे, पोराला ना दोस्ती मिळाली, ना कुणाच्या उपयोगी पडला. त्याच्या मृत्यूची बातमी बापाने त्याच्या ब्लॉगवर टाकली आणि युरोपभरातून पत्रे येऊ लागली. खेळात तो 'इबेलिन' नावाने ओळखला जाई. कुणाचे आई-मुलाचे तुटलेले बोलणे त्याने सांधले होते, कुणाला नैराश्यातून बाहेर काढले होते. काहीजण दफनाला आले. आता पाहा, हा मुलगा वर्षानुवर्षे आजार लपवून होता. धडधाकट माणसाचे सोंग घेऊन. त्याला कुणी फसवणूक म्हटली नाही, कारण त्याने कुणाचे काही घेतले नाही. त्याने जे दिले ते सोंगातून दिले तरी खरे होते, यावर त्या बापाचा विश्वास बसला आणि आमचाही बसला. मग सोंगातून घेतलेले तेवढे खोटे, हे कोणत्या तोंडाने म्हणणार? माहितीपट पाहून उठलो तेव्हा आम्हाला इबेलिनपेक्षा ती दोन प्रश्नचिन्हे जास्त आठवत होती.

अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील. हुकूकुल-इबादची गोष्ट वेगळी, तिथे ज्याचा हक्क त्याच्याकडेच जावे लागते, हे मदरशाच्या पहिल्या वर्गातले पोरही सांगेल. आमचा हक्कदार कोण, कुठल्या देशाचा, काही माहीत नाही. हक्कदार सापडत नसेल तर त्याच्या नावाने तेवढ्या किमतीचा सदका करावा, असे सांगतात. आम्ही ओळखीच्या एका मौलानांकडे गेलो. त्यांनी विचारले, "वस्तू कितीची होती?" आम्ही म्हणालो, "तशी काहीच नाही." ते म्हणाले, "मग विचारायला का आलात?" घरी येऊन हिशेब मांडला. तसले चिलखत कमवायला पन्नास तास धरले, कॅफेचा दर पंधरा, झाले साडेसातशे. तेवढे दिले. पण तास त्याचे होते आणि दर आमच्या गल्लीतला. त्याच्या देशात तास कितीचा, आणि बारा वर्षांच्या पोराचा तास कितीचा, हे कुठल्या भावाने लावायचे?

हे सगळे त्या संध्याकाळी आम्ही दोघा पोरांना समोर बसवून सांगितले. निवाडा छोटा होता. आयडी अमानत म्हणून दिली होती, ती परत कर. जे खर्च झाले ते भाच्याला सांग, तो माफ करतो की नाही ते तो बघेल. दोस्त मान खाली घालून ऐकत होता. मग वर बघून म्हणाला, "मामू, तुमने वो चिलखत वापस किया क्या?" आपा आतून ओरडली, मोठ्यांशी असे बोलतात का? आम्ही तिला गप्प केले. पोराने योग्य तेच विचारले होते.

त्या रात्री तरावीहनंतर आम्ही मोबाईलवर रूनस्केप उतरवून घेतला. कंपनीने २००७ची जुनी प्रत काढून २०१३ साली तो पुन्हा सुरू केला आहे, २०१८ पासून मोबाईलवरही चालतो. सगळे तसेच आहे, व्हॅरॉकचा चौक, बँक, खाण. पण जुनी कमाई त्यात नाही, प्रत्येकाने नव्याने सुरुवात केलेली. त्या पोराचे नाव आम्हाला पाठ आहे, एक रंग आणि पुढे एक आकडा. दोस्तांच्या यादीत ते टाकून पाहिले. असा खेळाडू नाही, असे उत्तर आले. मधली जागा सोडून पाहिले, आकडा आधी लिहून पाहिले. सहेरीची हाक येईपर्यंत आम्ही त्या चौकात उभे होतो.

ईदच्या सकाळी दोस्त आला. नवा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून आणला होता. साठवलेले डायमंड संपलेले होते, ते त्याने आधीच सांगितले. शीरखुर्म्याची वाटी त्याच्या हातात देऊन भाच्याने आयडी उघडली, बराच वेळ आत काय काय उरले ते पाहिले, मग त्याच्यासमोरच पासवर्ड बदलला. दोघे धरणाच्या भिंतीकडे गेले.